रेकीचा पहिला क्लायंट घेण्याआधी: काय बोलायचं, काय नाही बोलायचं आणि पैसे कसे घ्यायचे

घरातून सेवा देणाऱ्यांसाठी आपण जी व्हिडिओ मालिका केली (पार्लर, मेंदी, शिवणक्लास, योगा), तिच्यानंतर सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. "मॅडम, मी रेकी लेव्हल टू केलंय, सर्टिफिकेट आहे, आता क्लायंट कसे घ्यायचे?" म्हणून हा लेख. व्हिडिओ पंधरा मिनिटांचा आहे, त्यात सगळं बसलं नाही.

आधी एक स्पष्ट करते. मी रेकी शिकवत नाही. माझं दुकान सुगंधी तेलं, धूप, मेणबत्त्या, चादरी आणि भेटवस्तूंचं आहे, आणि रेकी करणाऱ्या बऱ्याच ताया-दादा माझं गिऱ्हाईक आहेत. त्यामुळे या धंद्यात काय चालतं, कोण टिकतं आणि कोण सहा महिन्यांत टेबल ओएलएक्सवर टाकतं, हे मी काउंटरच्या अलीकडून बघते. जे सांगतेय ते धंद्याच्या बाजूने सांगतेय. पण या धंद्यात समोरचा माणूस बऱ्याचदा आजारी असतो किंवा घाबरलेला असतो. साडीचा रंग उतरला तर बदलून देता येतो, इथे तसं नाही.

तुम्ही नक्की काय विकताय?

कुठल्याही धंद्याचा पहिला प्रश्न हाच. रेकीवाल्यांना विचारलं की उत्तर येतं, "युनिव्हर्सल एनर्जी". ठीक आहे, पण बिलावर काय लिहिणार?

थोडा इतिहास, कारण क्लायंट विचारतात आणि शिकवणारे बऱ्याचदा दंतकथाच सांगतात. रेकी जपानमधली. मिकाओ उसुई (१८६५ ते १९२६) यांनी १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास-ध्यान केलं आणि त्यातून ही पद्धत सुरू झाली, असं परंपरा सांगते. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी टोकियोत उपचार केंद्र चालवलं. हवाईत जन्मलेल्या हवायो ताकाता १९३५ मध्ये तिथे गेल्या, शिकल्या आणि त्यांनी ती हवाईत नेली. १९८० मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत त्यांनी २२ मास्टर तयार केले होते. आज जगभर जी रेकी शिकवतात तिचा मोठा भाग या एका बाईंच्या परंपरेतून आलेला आहे. म्हणजे "हजारो वर्षांची प्राचीन विद्या" असं बोर्डावर लिहू नका. ती शंभर वर्षांची आहे, आणि शंभर वर्षं काही कमी नाहीत.

आता परिणामाचं. कुठल्याही यंत्राने ही ऊर्जा मोजलेली नाही. नैराश्य आणि चिंता यांच्यावर रेकीचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. त्यांना मोजके छोटे अभ्यास सापडले आणि ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रेकीची बहीण म्हणावी अशी 'थेरप्युटिक टच' नावाची अमेरिकन पद्धत आहे, तिच्यात शरीराला न शिकवता... म्हणजे हात न लावता वरूनच ऊर्जा जाणवते असा दावा असतो. एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिची परीक्षा घेतली. मध्ये पडदा, त्यातून हीलरने दोन्ही हात बाहेर काढायचे, एमिली नाणं उडवून ठरवणार की कुठल्या हातावर आपला हात धरायचा, आणि हीलरने ओळखायचं. २१ हीलर, २८० प्रयत्न, बरोबर आले १२३. म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला तरी निम्मे येतात. हे १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

हे वाचून कोणी नाराज होईल. होऊ द्या. तुमची श्रद्धा तुमची आहे, ती मी मागत नाही. मी एवढंच विचारतेय की पावती फाडताना तुम्ही कशाची हमी देऊ शकता. बघा, एक माणूस दिवसभर धावतो. तुमच्याकडे येतो, फोन बंद करतो, स्वच्छ चादरीवर तासभर पडतो, कोणीतरी शांतपणे त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवतं, कोणी काही मागत नाही, प्रश्न विचारत नाही. बऱ्याच जणांना त्यात बरं वाटतं, काही तर घोरायला लागतात. हा एक तास तुम्ही नक्की देऊ शकता, त्यामुळे विकायचाही तेवढाच. "शांत विश्रांतीचा एक तास, रेकी पद्धतीने." याच्यापुढचा प्रत्येक शब्द तुम्हाला अडचणीत आणू शकतो.

स्टेटस टाकताय? आधी हे वाचा

१९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्ट. नाव ऐकून जुनाट वाटतं, पण तो लागू आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची आणि तक्रारींची यादी आहे: मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, हृदयरोग, लकवा, फिट्स, मोतीबिंदू, लठ्ठपणा, संधिवात, स्त्रियांचं वंध्यत्व वगैरे. औषध असो की मंत्र, ताईत, कवच असा 'चमत्कारी' उपाय, त्याने हे आजार बरे होतात अशी जाहिरात करायला मनाई आहे. आणि जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नाही बरं का. त्या व्याख्येत पत्रक, लेबल, वेष्टन तर आहेच, शिवाय तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, आवाज किंवा धुराच्या साहाय्याने केलेली घोषणासुद्धा आहे. १९५४ साली धुरापर्यंत विचार केला होता लोकांनी! तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस त्यातून सुटेल असं समजू नका.

रेकी 'मॅजिक रेमेडी' मध्ये बसते की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण तीन बाय सहाच्या टेबलावर धंदा करणाऱ्याने वादाच्या जागी उभंच कशाला राहायचं? शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर वेगळी कारवाई आहेच. आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, भुताखेताच्या नावाने भीती घालणं हे त्यात येतं. "काकू, तुमच्यावर कोणीतरी केलंय" हे वाक्य तुमच्या सेंटरमध्ये गमतीतही नको.

माझ्याकडे लोक स्टेटसचे स्क्रीनशॉट पाठवतात, "मॅडम, बघा ना बरोबर आहे का." एकाचा मजकूर होता: "शुगर, बीपी, थायरॉईड, पीसीओडी, सर्व आजारांवर रेकी. २१ दिवसांत फरक." मी तो असा करून दिला: "एक तास शांत पडा. तेल नाही, मालिश नाही, कपडे बदलायचे नाहीत. फोन बाहेर ठेवायचा. फी ५०० रुपये. हा वैद्यकीय उपचार नाही." त्या ताईंना वाटलं आता कोणी येणार नाही. आले. उलट पहिला फोन आला तो "कपडे बदलायचे नाहीत ना नक्की?" असा. बायकांना नेमकी तीच काळजी असते आणि जुन्या स्टेटसमध्ये तिचं उत्तरच नव्हतं.

क्लायंटने स्वतःहून "माझी गाठ विरघळली" असा रिव्ह्यू लिहिला तर? त्याला धन्यवाद म्हणा आणि तो फॉरवर्ड करू नका. त्याचे शब्द तुम्ही वापरले की तो तुमचा दावा होतो.

नावापुढे 'डॉ.' लावणं, पांढरा कोट, 'पेशंट', 'क्लिनिक', 'ट्रीटमेंट' हे शब्द, हे सगळं टाळा. क्लायंट म्हणा, सेशन म्हणा.

पहिलं बोलणं

हा भाग मी लांबवणार आहे, कारण खरा जोखमीचा क्षण इथे असतो. तास सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं.

आमच्या मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा प्रसंग सांगते, त्यांच्या परवानगीने, गावाचं नाव न घेता. त्यांच्याकडे पन्नाशीच्या एक काकू येऊ लागल्या. शुगर आहे, इन्सुलिन चालू. तीन सेशन छान झाली. काकूंना झोप लागायला लागली, पायाची जळजळ कमी वाटली. चौथ्या वेळी आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "अगं, मी परवापासून इंजेक्शन सोडलंय. तुझ्या हातात जादू आहे."

आता बघा, ही धंद्याच्या दृष्टीने किती गोड वेळ आहे. क्लायंट खूश आहे, चार जणींना सांगणार आहे, आणि काकूंनी अकरा सेशनचे पैसे आगाऊ दिले होते. ताईंनी काय केलं? टेबलावर घेतलंच नाही. म्हणाल्या, "काकू, आज सेशन नाही. आधी काकांना फोन लावा, आजच डॉक्टरांकडे जायचं. मी तुमची शुगर कमी केलेली नाही, मला ते येतही नाही. झोप लागली असेल, छान झालं. पण इंजेक्शन सोडलं तर मी तुम्हाला इथे घेणार नाही." काकू चिडल्या. "तुलाच तुझ्यावर विश्वास नाही, तर माझा काय उपयोग," असं म्हणाल्या. उरलेल्या सेशनचे पैसे ताईंनी त्याच दिवशी परत केले. संध्याकाळी काकांचा फोन आला, शुगर चारशेच्या वर निघाली होती, इन्सुलिन परत सुरू केलं होतं.

त्या काकू परत आल्या नाहीत. दोन महिन्यांनी काकांनी स्वतःच्या बहिणीला मात्र पाठवलं.

म्हणून पहिल्या भेटीतच, पैसे घ्यायच्या आधी, हे तोंडाने सांगायचं: "मी डॉक्टर नाही. मी आजार ओळखत नाही आणि बरा करत नाही. तुमची कुठलीही गोळी, इंजेक्शन, तपासणी माझ्यामुळे थांबवायची नाही. पुढे ढकलायचीही नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. औषध बंद करणारे थोडे असतात, तपासणी पुढे ढकलणारे पुष्कळ. "छातीत गाठ लागतेय, आधी रेकी करून बघू, मग बघू डॉक्टरांचं" असं बोलणाऱ्या बाईचे तीन महिने तुमच्या टेबलावर जाता कामा नयेत. अशा वेळी सेशन नंतर, सोनोग्राफी आधी. फी गेली तर गेली.

आणि काही गोष्टी ऐकल्या की सेशनचा विषयच नाही: छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, कुठूनही न थांबणारा रक्तस्राव. थेट दवाखाना, १०८ ला फोन. जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावंसं वाटतं, असं कोणी बोललं तर ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावून द्या. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरी बाजूही सांगते. क्लायंटपेक्षा हीलरच जास्त बोलतो, ही या धंद्यातली मोठी खोड आहे. "तुमच्या लिव्हरजवळ मला ब्लॉकेज जाणवलं." अहो, तो माणूस रात्रभर झोपणार नाही! आणि त्या भीतीवर पुढचं पॅकेज विकलं तर ती फसवणूक झाली, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तुमच्या हाताला गरम लागलं, गार लागलं, मुंग्या आल्या, ते तुमच्याकडे ठेवा. उठल्यावर पाणी द्या, "कसं वाटतंय?" विचारा आणि गप्प बसा.

हात कुठे ठेवायचा

तुमच्या गुरूंनी हाताच्या जागा शिकवल्या असतील, साधारण बारा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं. त्या मी शिकवणार नाही. पण क्लायंटला आधीच सांगा, शक्य असेल तर स्वतःच्या अंगावर दाखवा: "डोळ्यांवर, कानांवर, खांद्यावर, पोटावर, गुडघ्यावर हात येईल. कुठे नको असेल तर सांगा, मी वरूनच धरेन." छाती आणि ओटीपोटाखाली हात लावायचा नाही, वरूनही फार जवळ नाही. विचारून हो म्हटलं तरी नाही. पूर्ण कपडे अंगावर. मध्येच उठावंसं वाटलं तर उठायचं, फी वरून वाद नाही.

मुलांचं सेशन आई किंवा वडील खोलीत बसलेले असतील तरच. अनोळखी पुरुष क्लायंट आणि तुम्ही घरात एकट्या, असं ठरवूच नका. ओळखीच्या माणसाच्या शिफारशीने घ्या, घरात दुसरं कोणी असताना घ्या, दार नुसतं लोटलेलं ठेवा. हेच पुरुष हीलरलाही: बाई क्लायंट असेल तर तिच्यासोबत कोणी येऊ शकतं हे आधीच सांगा. यात कोणावर संशय नाही. दोघांचीही सोय आहे.

सेशनमध्ये कोणी रडलं तर घाबरू नका आणि त्याला "शुद्धीकरण चाललंय" असं नावही देऊ नका. शांत पडलं की माणसाला रडू येतं. रुमाल द्या.

पैशाचं

"मॅडम, विद्येचे पैसे घ्यावेत का?" हा प्रश्न मला दर बॅचला येतो. ताकाताबाई मास्टर पदवीसाठी दहा हजार डॉलर घेत होत्या, तेही सत्तरच्या दशकात. तेव्हा हा संकोच मुळात परंपरेतला नाही. तुम्ही वेळ देताय, वेळेचे पैसे घ्या. गुण आला तर द्या, अशी पद्धत ठेवू नका. तिच्यात तुम्ही नकळत गुणाची हमी देऊन बसता.

हिशोब करून बघू. समजा कोर्सचे ७,५०० गेले, टेबल ९,०००, सहा चादरी २,१००, स्टूल १,४००. झाले २०,००० रुपये. फी ५०० ठेवली आणि चादर धुणं, वीज, पाणी, किरकोळ धरून दर सेशनला ६० खर्च, तर हातात ४४०. म्हणजे घातलेले पैसे निघायला ४६ सेशन लागतात. आठवड्याला तीन क्लायंट आले तर जवळजवळ चार महिने. आणि तास साठ मिनिटांचा असला तरी आधीची-नंतरची पंधरा मिनिटं धरून तुमचा दीड तास जातो, तेव्हा ताशी कमाई तीनशेच्या आत. नोकरी सोडून यात उडी मारणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पार्लर किंवा योगा क्लास आधीपासून असेल तर जोडीला हे छान चालतं. एकट्यावर घर चालवणारे मी फार कमी पाहिले, आणि त्यातले बरेच जण क्लायंटपेक्षा नवीन शिकणाऱ्यांकडून कमावतात.

पॅकेज पहिल्या वर्षी नकोच. एकवीस सेशनचे पैसे आगाऊ घेतले की सातव्या वेळी "आता तुम्हाला गरज नाही" किंवा "आधी डॉक्टरांकडे जा" हे म्हणायला जीभ रेटत नाही. वर काकूंचा प्रसंग सांगितला, तिथे ताईंनी पैसे परत दिले. सगळ्यांच्या गल्ल्यात त्या दिवशी तेवढे असतीलच असं नाही. एक सेशन, एक पावती.

फोटोवरून किंवा व्हिडिओ कॉलवर 'डिस्टन्स रेकी' विकायची का? मी नाही म्हणेन. तुमचा विकायचा माल म्हणजे तो शांत तास, आणि तिकडे माणूस बसमध्ये उभा असेल तर तुम्ही कशाचे पैसे घेताय?

कागदपत्रं पटकन. महाराष्ट्रात दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. त्यापुढे गेलात तर "आम्ही आरोग्यसेवा, आम्हाला माफी" असं गृहीत धरू नका. ती माफी मान्यताप्राप्त वैद्यकीय पद्धतींना आहे, तुमच्या सीएशी बोला. सोसायटीत फ्लॅटमध्ये करत असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा, वॉचमनकडून कळण्यापेक्षा बरं.

फॉर्म

एक पानी, मराठीत, मोठ्या अक्षरात. नाव, वय, फोन, घरातल्या एका माणसाचा फोन, चालू असलेली औषधं, गरोदर आहात का, अलीकडे ऑपरेशन झालंय का. खाली तीन वाक्यं आणि सही: "हा वैद्यकीय उपचार नाही हे मला सांगितलं आहे. माझी औषधं आणि तपासण्या मी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू किंवा बंद करेन. हात कुठे ठेवणार हे मला दाखवलं आहे, आणि मी केव्हाही थांबवू शकते/शकतो."

ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. मागच्या बाजूला दर वेळी तारीख आणि दोन ओळी: क्लायंट काय म्हणाला, तुम्ही काय सांगितलंत. "डॉक्टरांकडे जायला सांगितलं" हे तर नक्की लिहा, आणि पुढच्या वेळी आले की सगळ्यात आधी तेच विचारा, "गेला होता का?" फॉर्म कपाटात कुलपात ठेवायचे. त्यांचे फोटो काढून हीलरांच्या ग्रुपवर "अशा केसला काय करू?" म्हणून टाकायचे नाहीत, नाव झाकलं तरी नाही. छोट्या गावात वय आणि आजार एवढ्यावरही माणूस ओळखू येतो.